काट्यावरच्या बाईंची तिचाकी

काट्यावरच्या बाईंचा राग ओळखायला माणूस मुरलेला असावा लागतो. त्या आवाज चढवत नाहीत, भांडी आपटत नाहीत, दार लावून घेत नाहीत. त्या आकडे बोलायला लागतात. "पावणेसहाला येतो म्हणालात, सहा बावीस झालेत," असं बाई शांतपणे म्हणाल्या की शहाण्यानं समजावं आणि मुकाट माफी मागून मोकळं व्हावं. पण त्यांच्या घरात शहाणे कमी आणि शहाणपण शिकवणारे जास्त, त्यामुळे त्यांचे आकडे बहुतेक वेळा हवेतच विरून जायचे.

कामाच्या ठिकाणी मात्र तसं नव्हतं. शहराच्या कडेला, मालट्रक थांबतात त्या मैदानाच्या तोंडाशी एक वजनकाटा आहे. जमिनीशी समतल बसवलेला लांबलचक लोखंडी पाटा, त्याच्या बाजूला दोन माणसं जेमतेम मावतील अशी काचेची केबिन, केबिनमध्ये एक स्टूल, एक पंखा आणि लाल आकड्यांचा डबा. त्या स्टुलावर बाईंनी सत्तावीस वर्षं काढली. कोणता ड्रायव्हर पुढचं चाक बोटभर पाट्याबाहेर ठेवतोय, कुणाचा माल एका अंगाला कललाय, कुणी पुढचा भाग रिकामा ठेवून सगळं मागे कोंबलंय, हे त्यांना डब्यावर आकडा उमटायच्या आधी कळायचं. ट्रक पाट्यावर चढताना जो आवाज होतो ना, त्यावरूनच.

एकदा एक ड्रायव्हर लोखंडी पाइप लादून आला होता. वजन नियमात होतं, कागद चोख होते. पण पाइपांचा अर्धा भार मागच्या चाकांच्याही मागे लोंबत होता. बाई केबिनमधून उतरल्या, डाव्या पायाला आधारासाठी बांधलेला लोखंडी कॅलिपर खटखटवत ट्रकला एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, हे पुढे सरकवल्याशिवाय मी पावती देणार नाही. तो तासभर भांडला. त्यानं बाईंचा पाय काढला, बाईंची जात काढायचीच काय ती बाकी ठेवली. शेवटी झक मारत पाइप सरकवले आणि गेला. पुढच्या महिन्यात तसाच लादलेला दुसरा एक ट्रक घाटाच्या उतारावर आडवा झाला. तेव्हापासून त्या रस्त्याचे ड्रायव्हर पावती घेताना हळूच विचारतात, "बाई, माल नीट बसलाय ना?" बाई हो म्हणाल्या तरच गिअर टाकतात.

पण पिकतं तिथं विकत नाही. ज्यांच्या एका शब्दावर पंचवीस टनांचा ट्रक मागे फिरतो, त्यांना घरी कपडे वाळत कसे घालावेत हे दीर शिकवायचा.

हा दीर म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. वरच्या मजल्यावर राहायचा. धंदा गाड्या वाहून नेण्याचा. चार दारांची एक पिकअप आणि तिच्यामागे जोडायचा स्वतः बनवून घेतलेला ट्रेलर, हे त्याचं भांडवल. बंद पडलेल्या मोटरसायकली गॅरेजला पोचवायच्या, नव्या दुकानात न्यायच्या. माणूस कष्टाळू, यात वाद नाही. पण कुठलाही विषय काढा, त्याला त्यातलं कळायचंच. डॉक्टरला औषध, गवंड्याला वीट आणि शिंप्याला शिलाई तो समजावून सांगायचा. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसलेला असतो. हा जमिनीवर उभा राहूनच सगळ्यांना रस्ता दाखवायचा. आणि कुणी उलटून बोललं तर एकच वाक्य ठरलेलं: "बावीस वर्षं हेच करतोय मी."

बाईंचा डावा पाय लहानपणीच्या आजारात वाळला होता. सायकल कधी जमली नाही, स्कूटरवर तोल राहिना. चाळिशीत त्यांनी एक जुनी मोटरसायकल विकत घेतली आणि ओळखीच्या फिटरकडे नेऊन दिली. फिटरनं तिचं मागचं चाक काढलं, जाड ॲक्सल बसवला आणि दोन्ही बाजूंना छोट्या मोटारीची चाकं लावली. गिअरचा दांडा हाताशी आणला. मागे सामान ठेवायला मजबूत लोखंडी जाळी केली. अशी ती तिचाकी पुढून मोटरसायकल आणि मागून हातगाडीसारखी दिसायची. शेजारपाजारच्यांनी हसून घेतलं. बाईंनी पहिल्या आठवड्यात तिच्यावरून कामावर जाऊन दाखवलं, दुसऱ्या आठवड्यात भाजी, गॅसची टाकी आणि नवरा असं तिन्ही एका फेरीत घरी आणलं, आणि हसणं थांबलं.

ती तिचाकी म्हणजे बाईंचा पायच होता. यात अलंकारिक काही नाही. सपाट फरशीवर बाई कॅलिपरवर चालू शकतात. खडबडीत जमिनीवर वीस पावलं झाली की मांडीत कळ येते, पन्नास झाली की कुणाचा तरी खांदा लागतो. तिचाकी असली की ओढा असो की चढण, बाई कुणालाही न विचारता जायच्या आणि यायच्या.

आता मागच्या वर्षीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण सगळा संताप तिथून सुरू होतो.

दिराचा आणि त्याच्या मित्रांचा दरवर्षीचा एक बेत असतो. मित्र आपापल्या मोटरसायकलींवर, दीर आणि घरची मंडळी पिकअपमध्ये, असे सगळे साडेतीनशे किलोमीटरवरच्या एका तळ्याकाठी जातात, तंबू ठोकतात आणि तीन दिवस राहतात. मागच्या वर्षी बाईंनीही यायचं ठरवलं. जुना रस्ता पूल पाडल्यामुळे बंद होता आणि नव्या महामार्गावर तीन चाकांच्या गाडीला बंदी. म्हणजे तिचाकी ट्रेलरवर घालून न्यायला हवी. दीर म्हणाला, कशाला उगाच वजन, आम्ही आहोत ना.

हे "आम्ही आहोत ना" बाई जन्मात विसरणार नाहीत. तळ्यावर पोचल्याबरोबर त्यांना एका घडीच्या खुर्चीत बसवण्यात आलं. सकाळी खुर्ची सावलीत, दुपारी खुर्ची झाडामागे, संध्याकाळी खुर्ची शेकोटीजवळ. सगळे पलीकडच्या काठावर झरा बघून आले आणि त्याचं वर्णन करून सांगितलं. सगळे टेकडीवर चढून आले आणि फोटो दाखवले. कुणी ना कुणी चहा आणून द्यायचं, पाणी आणून द्यायचं, शाल आणून द्यायचं. साध्या प्रातर्विधीला जायचं तरी जावेला हाक मारावी लागायची, आणि जाऊ उठायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू असायचं त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. तीन दिवस सगळ्यांनी त्यांची सेवा केली आणि तीन दिवसांत कुणी त्यांच्याशी दहा मिनिटं सरळ गप्पा मारल्या नाहीत. परत आल्यावर दीर सगळ्यांना सांगत होता, वहिनींना काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही.

म्हणून या वर्षी बाईंनी महिनाभर आधीच सांगून टाकलं. तिचाकी येणार असेल तर मी येते. नाहीतर तुम्ही सगळे खुशाल जा, मी घरी माझ्या पायांवर राहीन.

दिरानं आढेवेढे घेतले आणि मग उदार झाला. "ठीक आहे वहिनी, नेऊ. तुमची हौस."

निघायच्या सकाळी अंगणात पिकअप उभी होती, मागे ट्रेलर जोडलेला. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला दिरानं स्वतःच्या हातानं वेल्डिंग करून एक खाच बनवली होती. मोटरसायकल फळीवरून वर ढकलायची, पुढचं चाक त्या खाचेत अडकवायचं, दोन पट्टे आवळायचे की झालं. हजारो गाड्या त्यानं तशा नेल्या होत्या. तिचाकीही त्यानं तशीच सरळ तोंडानं फळ्यांवर लावली.

बाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ट्रेलरकडे पाहिलं, तिचाकीकडे पाहिलं आणि पुढे आल्या.

"भाऊजी, गाडी उलटी चढवा. मागची दोन चाकं पुढे जाऊ द्यात."

दीर हसला. "वहिनी, गाडी कधी कुणी उलटी चढवतं का?"

बाईंनी समजावून सांगितलं. दोन चाकी गाडीचं वजन मध्ये असतं, हिचं जवळजवळ सगळं मागे आहे. ॲक्सल मागे, दोन जाड चाकं मागे, लोखंडी जाळी मागे. सरळ चढवली तर जड टोक ट्रेलरच्या चाकांच्याही मागे जाईल, पुढचं टोक हलकं पडेल आणि वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागेल. दीर ऐकत होता, म्हणजे त्याचं तोंड बंद होतं. बाईंचं संपल्यावर त्यानं पुढचं चाक खाचेत बसवलं आणि पट्टा आवळला.

"बावीस वर्षं गाड्या वाहतोय वहिनी. तुम्ही बसा आत निवांत."

बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं. निदान पाण्याचे कॅन आणि शेगडी तरी पुढे ठेवा. दीर म्हणाला, पुढे जागा कुठे आहे, आणि वाटेत पाणी लागलं तर काढायचं कसं. चारही भरलेले कॅन, शेगडी, तंबूंच्या पिशव्या, सगळं तिचाकीच्या मागे, ट्रेलरच्या शेपटाला बांधलं गेलं. जाऊ म्हणाली, अहो वहिनी, हा काटा नाहीये, सहल आहे. आणि स्वतःच्याच विनोदावर हसली.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चार पावलांवर उभा राहून तंबूच्या खुंट्या मोजत होता. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून एकतीस वर्षं नोकरी करून तो नुकताच निवृत्त झाला होता. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असं लोक कौतुकानं म्हणायचे. बायकोचं आणि भावाचं काही वाजलं की हा मिठाची गुळणी धरायचा. आताही धरली होती. खुंट्या सोळा होत्या. त्यानं त्या तीनदा मोजल्या.

"अहो, तुम्ही तरी सांगा," बाई म्हणाल्या.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "तो रोजचं काम करतोय त्याचं."

बाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण गाडी येत होती ना, ते महत्त्वाचं. असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि त्यात त्यांचंही चुकलंच. काट्यावर असत्या तर पावती दिली नसती.

महामार्गावर पहिला तासभर काही झालं नाही. दीर मजेत होता, एका हातानं गाडी चालवत होता. मग एक लांब उतार लागला, वेग ऐंशीच्या वर गेला, आणि बाईंना आधी पाठीला जाणवलं. सीट डावीकडे किंचित ओढली गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. त्यांनी वळून मागच्या काचेतून पाहिलं. तिचाकीसकट ट्रेलर या बाजूचा त्या बाजूला जात होता आणि प्रत्येक फेरीला थोडा जास्त.

"ब्रेक मारू नका," बाई म्हणाल्या. "पाय उचला फक्त. स्टिअरिंग सरळ धरा."

दिरानं ब्रेक मारला. ट्रेलरनं असा हिसका दिला की पिकअपचं मागचं अंग बाजूच्या लेनमध्ये गेलं. मागून येणारा ट्रक भोंगा वाजवत अगदी वीतभर अंतरानं निघून गेला. जाऊ किंचाळली. नवऱ्यानं बाईंचा हात धरला, त्याचा हात गार पडला होता. दिराचा पाय घाबरून ब्रेकवरून निसटला, आणि तो निसटला म्हणूनच सगळे वाचले. वेग आपोआप उतरत गेला, शेपटी हलायची थांबली आणि उताराच्या पायथ्याशी एका पेट्रोल पंपाच्या आवारात पिकअप येऊन उभी राहिली.

कुणीही शहाणा माणूस इथं खाली उतरून म्हणाला असता, वहिनी, तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. सात-आठ शब्द. फुकटचे. दीर उतरला, ट्रेलरभोवती फिरला, तिचाकीच्या चाकाला लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "या गाडीतच खोट आहे. तीन चाकांचं काही खरं नसतं. मी आधीच म्हणत होतो, नेऊ नका."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि पुढचं ऐका. त्यानं पंपावरच्या माणसाशी बोलून परस्पर ठरवूनही टाकलं. तिचाकी इथं शेडमध्ये ठेवायची, परतताना उचलायची. जाऊ म्हणाली, बरोबर आहे, जिवापेक्षा गाडी मोठी आहे का, आणि वहिनी, आम्ही आहोत ना. नवरा म्हणाला, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

बाई ट्रेलरच्या मागे गेल्या, पाण्याच्या कॅनवर हात टेकून, कॅलिपरचा पाय आधी वर ओढून घेत, घामाघूम होत वर चढल्या आणि तिचाकीच्या सीटवर जाऊन बसल्या. दिरानं पट्टा सोडायला हात घातला होता, तो तसाच राहिला.

"वहिनी, उतरा. तमाशा नको."

"उतार चौऱ्याऐंशीनं घेतलात," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या हिसक्याला ट्रेलर हातभर बाजूला गेला होता, पाचव्याला दीड हात. गाडी इथं राहणार असेल तर मीही इथंच राहणार. तिन्ही दिवस."

दीर हसायचा प्रयत्न करत भावाकडे पाहू लागला. भाऊ जमिनीकडे पाहू लागला. तेव्हा बाईंनी हात लांब करून पंपाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथं एक वजनकाटा होता. लोखंडी पाटा, काचेची केबिन, केबिनमध्ये एक माणूस.

"दहा मिनिटं द्या मला. पिकअप तिथं न्या. माझं चुकलं तर गाडी शेडमध्ये ठेवा, मी गुपचूप येते."

दिराला हे आवडलं. वहिनीचं चुकणार याची त्याला खात्रीच होती.

केबिनमध्ये दोरीला चष्मा अडकवलेला, बाईंच्याच वयाचा माणूस होता. पिकअप आली तशी तो खिडकीतून म्हणाला, एवढ्याशा ट्रेलरचं वजन कशाला करता ताई. बाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, ट्रेलरचं नकोच आहे. ट्रेलरची चाकं पाट्याबाहेर ठेवायची आहेत. फक्त पिकअपचं वजन हवंय, आधी जोडलेलं असताना आणि मग सोडल्यावर. माणसानं चष्मा डोळ्यांवर चढवून बाईंकडे नीट पाहिलं. असं मागणारं माणूस कोण असतं हे त्या धंद्यातल्याला बरोबर कळतं. त्यानं विचारलं, कुठल्या काट्यावर असता? बाईंनी सांगितलं. तो उठला आणि स्वतःचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

सगळ्यांना खाली उतरवून पिकअप एकटी पाट्यावर उभी केली. मागे ट्रेलर जोडलेला, त्याची चाकं बाहेर. डब्यावर आकडा स्थिरावला: दोन हजार तीनशे दहा. बाईंनी तो मोठ्यानं वाचला. मग म्हणाल्या, आता ट्रेलर सोडा.

दीर हूक काढायला वाकला. आणि इथं एक गोष्ट घडली, जी बाईंशिवाय कुणाच्या लक्षात आली नाही. कुणी काही सांगितलेलं नसताना नवरा पुढे झाला आणि ट्रेलरच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून, सगळं अंग रेटून उभा राहिला. हूक निघाला. दांडी त्याच्या हाताखालून वर यायला लागली. तो तिला दाबत हळूहळू वर जाऊ देत होता, आणि ट्रेलर मागच्या बाजूला बसत बसत शेवटी शेपूट जमिनीला टेकून, दांडी आभाळाकडे करून उभा राहिला.

आकडा: दोन हजार तीनशे सत्तर.

ट्रेलर जोडला की पिकअप साठ किलोंनी हलकी होत होती. म्हणजे ट्रेलर तिला मागून वर उचलत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण दिराला लागला. त्यानं आधी आकड्याकडे पाहिलं, मग केबिनमधल्या माणसाकडे, आणि विचारलं, तुमचा काटा बरोबर आहे ना?

"काटा बरोबर आहे," तो माणूस म्हणाला. "ओझं मागे पडलंय. गाडी उलटी चढवा."

"असं होय," दीर म्हणाला. "अच्छा, अच्छा. हे आलं लक्षात."

गाडी उलटी चढवा. सकाळी सात वाजता अंगणात बाईंनी हेच शब्द उच्चारले होते, याच क्रमानं. तेव्हा ते शब्द नव्हते, वहिनीची बडबड होती. आता अनोळखी पुरुषाच्या तोंडून, खिडकीतून, चष्मा लावून आले आणि सोन्याचे झाले. बाईंना त्या काट्यावरच्या माणसाचा राग आला नाही, तो बिचारा खरं तेच बोलला. पण त्या क्षणी त्यांना तो लाल आकड्यांचा डबा उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला.

त्याहून जास्त त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. दांडी वर येणार हे त्याला माहीत होतं. हात ठेवायला त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

दांडी खाली दाबून धरली आणि फळ्या लावल्या. तिचाकी बाईंनी स्वतः चालू करून खाली उतरवली, वळवली, आणि दोघा भावांनी ती उलटी वर ढकलली. जड टोक पुढे. पाण्याचे कॅन त्याच्याही पुढे. खाच वाया गेली म्हणून दीर थोडा हळहळला, मग त्यानं चाकांना लाकडी ठोकळे लावले, आणि ठोकळे मात्र त्यानं अगदी व्यवस्थित लावले, कारण हाताला कसब होतंच. पुन्हा काट्यावर पाहिलं. या वेळी पिकअप सत्तर किलोंनी जड झाली होती. काट्यावरच्या माणसानं पावती फाडली नाही. त्यानं बाईंना नुसता हात जोडून निरोप दिला. उरलेल्या रस्त्यावर ट्रेलर इतका शांत आला की जाऊ झोपली.

तळ्याकाठी पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मित्र आधीच येऊन तंबू उभारत होते. शेगडी पेटली, चहा झाला, सगळे गोल करून बसले. बाई कुठल्याही खुर्चीत बसल्या नाहीत. तिचाकी खाली उतरवून घेऊन तिच्यावरच बसून चहा पीत होत्या. इथवर आलो, आता कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही आणि कुणाला काही ऐकवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

एका मित्रानं विचारलं, उशीर का झाला रे?

आणि दीर सुरू झाला. रंगवून सांगायची हातोटी त्याला होतीच. उतारावर ट्रेलर कसा वळवळला, ट्रक कसा घासून गेला, त्यानं गाडी कशी सावरली. "आरशात बघितलं आणि म्हटलं, हे ओझ्याचं काम आहे. बावीस वर्षं वाहतोय, चटकन ओळखलं. सरळ काट्यावर घेतली. वजन केलं, म्हटलं, गाडी उलटी चढवायला पाहिजे. वहिनी तर इतक्या घाबरल्या होत्या, ट्रेलरवर चढून गाडीला धरूनच बसल्या. उतरायलाच तयार नाहीत." मित्र हसले. एकानं दिराच्या पाठीवर थाप मारली. जावेनं चहात बिस्कीट बुडवलं.

जो धडा त्यांनी सकाळी हात जोडून द्यायचा प्रयत्न केला, तो त्यांच्याकडून हिसकावून घेऊन त्यावर यानं आपलं नाव घातलं होतं, आणि त्यांच्या पदरात टाकली होती भीती. आकडे जिभेवर आले. पण कुणाला सांगायचे? पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

"खोटं आहे हे."

हे नवरा बोलला होता. त्यानं कप खाली ठेवला होता आणि तो भावाकडे न बघता मित्रांकडे बघत बोलत होता, आवाज इतका हळू की पलीकडच्यांना पुढे वाकावं लागलं.

"तिनं सकाळी अंगणातच सांगितलं होतं, उलटी चढवा म्हणून. दोनदा सांगितलं. उतारावर ब्रेक मारू नका, तेही तिनंच सांगितलं. काट्यावर न्यायचं तिनं ठरवलं. ती घाबरून नव्हती बसली वर. आपण तिची गाडी टाकून येत होतो म्हणून बसली."

"अरे दादा, गंमत चाललीये," दीर म्हणाला.

"माझी नाही चाललेली." नवरा थांबला. मग म्हणाला, "आणि ती म्हणते ते बरोबर आहे, हे मला सकाळीच कळत होतं. एकतीस वर्षं मी मुलांना तराजू आणि तरफ मांडून देत आलो. मला कळत होतं आणि मी खुंट्या मोजत बसलो."

कुणी हसलं नाही. बाईंना बरं वाटायला हवं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस चारचौघांत त्यांच्या बाजूनं तोंड उघडत होता, आणि त्यांना बरं वाटलंही. पण त्याच्याच पाठोपाठ तो गार पडलेला हात आठवला आणि वीतभर अंतरानं गेलेला ट्रक आठवला, आणि ते बरं वाटणं राग होऊन वर आलं. हा राग दिरावरच्या रागासारखा नव्हता. दिराला कळलं नव्हतं. याला कळलं होतं.

"सात वाजून दहा मिनिटांनी मी तुम्हाला म्हटलं होतं, तुम्ही तरी सांगा," बाई म्हणाल्या. "आता सव्वापाच झालेत. मधे आपण चौघं मरत होतो. मेलो असतो, तर हे बरोबर होतं म्हणून तुम्ही कुणाला सांगितलं असतं?"

नवऱ्यानं मान वर केली, आणि या वेळी मोजायला त्यानं काही शोधलं नाही. तो तसाच सगळ्यांसमोर, सगळ्यांना दिसेल असा बसून राहिला. बाईंनी कप उपडा केला, चहापाण्यात रिकामे झालेले दोन कॅन जाळीत टाकले, तिचाकी चालू केली आणि झऱ्याची वाट कुठून जाते हे कुणालाही न विचारता काठाकाठानं निघून गेल्या.